पाय पाण्यात, डोकं आगीत, माणूस अधांतरी

खजुराच्या खोक्यावर चित्र काढणाऱ्या माणसाचा पत्ता मला हवा आहे. वर्षानुवर्षं तो एकच चित्र काढतोय. मागे वाळूच्या टेकड्या, वर चंद्रकोर, मध्ये एक उंट आणि उंटाशेजारी खजुराचं झाड. झाडाखाली दाट सावली. चंद्रकोरीच्या उजेडात एवढी दाट सावली कशी पडते, हे त्याला अजून कुणी विचारलेलं दिसत नाही. चित्रात माणूस असलाच तर तो उंटावर बसलेला असतो आणि झाडाकडे त्याची पाठ असते.

आपल्यासारख्यांना खजूरशेतीची जेवढी माहिती आहे ती सगळी या खोक्यावरून आलेली. वाळवंटात दुसरं काही उगवेना म्हणून देवाला दया आली आणि त्यानं खजूर दिला. तो आपोआप उगवतो, आपोआप लगडतो, पिकला की टपाटपा खाली पडतो. उंटावरचा माणूस तेवढ्यापुरता खाली उतरतो, पडलेला माल गोळा करून त्याची चिकट ढेप बनवतो, ती मुंबईला मस्जिद बंदरला पाठवतो आणि परत उंटावर जाऊन बसतो. एकादशीला ढेपेतून खजूर उचकटताना याहून जास्त चौकशी करावी असं कुणालाच वाटत नाही. तोंडात खजूर असताना चौकशी करताही येत नाही.

माझंही यापुढे काही अडलं नसतं. पण आमच्या मजल्यावर कच्छी शेजारी आहेत. (आम्ही मुलुंडला राहतो, त्यामुळे यात विशेष काही नाही.) त्यांच्या मामांची मुंद्र्याजवळ खारेकची वाडी. ऐन फेब्रुवारीत शेजारी म्हणाले, "चला भाऊ, कच्छ दाखवतो." कच्छ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरं रण, चांदणं आणि भाड्याचे तंबू येतात. यांनी मला भुजहून थेट वाडीत नेलं आणि काटेरी झाडांच्या रांगेत उभं केलं. मामा "अचो, अचो" म्हणत पुढे आले. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला पाणी, चहा आणि वाडीतल्या कोणत्या झाडाचा स्वभाव कसा आहे याची माहिती, अशा क्रमानं सगळं दिलं.

स्वभाव हा शब्द मी आपल्या पदरचा घालत नाही, मामांचाच आहे. भारतात खजुराची सर्वांत मोठी लागवड कच्छमध्ये, आणि त्यातली देशी झाडं बहुतेक बियांपासून वाढलेली. मांडवी बंदरातून कच्छी व्यापारी पिढ्यानपिढ्या मस्कतला जात-येत. त्यांनी तिकडून आणलेल्या खजुराच्या बिया इकडे रुजल्या, असं तिथे मानतात. माल खाल्ल्यावर उरलेल्या बीमधूनही दोन पैसे काढणाऱ्या समाजाबद्दल मला आधीपासून आदर होताच. पण खजुराची गोम अशी की बी आईसारखी निघत नाही. गोड झाडाची बी लावली तर तुरट झाड येऊ शकतं, पिवळ्याच्या पोटी लाल निपजतं. त्यामुळे देशी वाडीत एका झाडाचं दुसऱ्याशी जमत नाही. मामा ओळख करून देत चालले होते. हे गोड. हे तुरट, पण भरपूर धरतं. हे लवकर तयार होतं. हे आमच्या मामींना आवडतं, म्हणून ठेवलंय. हे कुणालाच आवडत नाही, पण वडिलांनी लावलंय.

वाळवंटातलं झाड म्हणजे बिनपाण्याचं झाड, ही समजूतही वाडीत पाऊल टाकताच जाते, कारण ते पाऊल चिखलात पडतं. अरबांची म्हणच आहे की खजुराला पाय पाण्यात आणि डोकं आगीत लागतं. नुसतं जगायचंच असेल तर हे झाड थोडक्या पाण्यावर, खाऱ्या पाण्यावर, अगदी दुर्लक्षावरही जगतं. पण फळ हवं असेल तर मुळांना भरपूर पाणी पाहिजे. वर कडक ऊन पाहिजे. फळ तयार होत असताना पाऊस मात्र थेंबभरही नको. म्हणजे पाणी हवं, पण वरून नको. थोडक्यात, आग आणि पाणी या दोन्ही खात्यांकडे या झाडाच्या कायम मागण्या असतात आणि मधला कारभार माणसानं बघायचा असतो.

तो कारभार कसा चालतो ते मी चाचांकडे पाहून शिकलो. चाचा मामांच्या वाडीत लहानपणापासून झाडावर चढतात. आता वय झालंय, पण ते फक्त जमिनीवर चालताना दिसतं. कमरेला झाडाभोवतून घेतलेला दोर, खोचलेला कोयता, खांद्याला पिशवी. बुंध्यावर जुन्या पानांचे तुटके देठ पायऱ्यांसारखे राहिलेले असतात, त्यावर पाय रोवत, दोर वर सरकवत ते चढतात. वर पोचल्यावर पहिलं काम काटे काढणं. खजुराच्या पानाच्या बुडाशी पात्यांचेच काटे झालेले असतात. वीतभर लांब आणि दाभणासारखे टोकदार. फुलं, फळं सगळं त्या काट्यांच्या आत. म्हणजे ज्या माणसाखेरीज झाडाचं पान हलत नाही, त्याच्याच स्वागताला ही तयारी. चाचा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत एकेक काटा छाटत होते. ती प्रार्थना असावी असं मला वाटलं. मामा म्हणाले, "प्रार्थना नाही."

काटे झाले की खरं काम. खजुरात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. फळ मादीलाच. परागकण वाऱ्यानं जातात खरे, पण वाऱ्याच्या भरवशावर वाडी सोडली तर निम्मी फुलं कोरडीच राहतील, शिवाय त्यासाठी निम्मी झाडं नर ठेवावी लागतील. म्हणून माणूस वाऱ्याचं काम अंगावर घेतो. नराचा फुलोरा एका लांबट, होडीच्या आकाराच्या कवचात असतो. ते कवच तडकलं की आत पांढऱ्या, मेणचट फुलांच्या काड्यांचा झुबका दिसतो. हात लागला तरी पिठासारखी भुकटी उडते. चाचांनी त्यातल्या काड्या सोडवून पिशवीत घेतल्या, मादीच्या झाडावर चढले, नुकत्याच उमललेल्या तिच्या फुलोऱ्यात तीन-चार काड्या उलट्या खोचल्या आणि सुतळीनं सैलसर बांधून टाकल्या. गाठ मारताना म्हणाले, "हो गया." एवढाच विधी.

एका झाडावर असे आठ-दहा फुलोरे येतात, पण एकाच दिवशी उमलतील तर शपथ. प्रत्येकाचा मुहूर्त वेगळा आणि उमलल्यापासून थोड्याच दिवसांत काम उरकलं पाहिजे. मग चाचा परत वर. नर झाड लवकर फुललं आणि मादीला उशीर झाला तर भुकटी वाळवून जपून ठेवतात. मामांच्या घरी फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी एक डबा होता आणि त्यावर गुजरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे खायचं नाही. पाहुणा आला की मामी ती पाटी त्याला आधी वाचून दाखवतात. यावरून पूर्वी कधीतरी काहीतरी घडलं असावं.

या कामाला माणूस कालपरवा लागलेला नाही. हम्मुराबी राजाचं नाव शाळेत आपण डोळ्याला डोळा आणि दाताला दात एवढ्यावर संपवतो. इसवी सनपूर्व 18व्या शतकातल्या त्याच्या कायद्याचा काळा दगड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे, आणि त्यात खजुराच्या बागांची कलमं आहेत. दुसऱ्याच्या बागेतलं झाड त्याला न विचारता तोडलंत, तर दंड अर्धा मिना चांदी. माळ्याला मोकळं रान बाग लावायला दिलं, तर चार वर्षं त्यानं ती वाढवायची आणि पाचव्या वर्षी मालक-माळ्यानं निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. उभी बाग परागीभवनासाठी दिली, तर उत्पन्नाचे दोन हिस्से मालकाचे आणि एक माळ्याचा. माळ्यानं कामात कुचराई केली आणि फळ कमी आलं, तर शेजारच्या बागेच्या हिशेबानं भरपाई. यावरून एवढं दिसतं की पावणेचार हजार वर्षांपूर्वीही माळी कुचराई करत असत आणि मालकाचं लक्ष शेजारच्या बागेवर असे.

असिरियाच्या महालांमधल्या दगडी शिल्पांत पंख असलेल्या देवमूर्ती एका झाडाजवळ हातात बोंडासारखं काहीतरी आणि बादली घेऊन उभ्या दिसतात. काही अभ्यासकांच्या मते हे खजुराचं परागीभवनच आहे, काही ते मानत नाहीत. (असिरियन महालातले कोरीव दगड आपल्या मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही आहेत, मुद्दाम जाऊन पाहावेत.) माझं मत पहिल्या पक्षाला आहे, आणि त्याचं कारण पंख. चाचांना दिवसभर झाडावर चढता-उतरताना पाहिल्यावर, या कामाला पंख पाहिजेत हे ज्या शिल्पकाराला सुचलं त्यानं वाडीत एक दिवस तरी नक्की काढला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

संध्याकाळी खाटेवर बसून मी चाचांना हम्मुराबीचं ते कलम सांगितलं. एक तृतीयांश हिस्सा, असं म्हटल्यावर त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. ते रोजावर काम करतात. थोडा वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "ये सेठ अभी किधर रहता है?" मामांनी घाईनं विषय बदलला आणि मला सकाळच्या गाडीची वेळ विचारली.

आता नर-माद्यांच्या हिशेबाकडे येऊ, कारण या देशात असा हिशेब दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार नाही. बी लावली की निम्मी झाडं नर निघतात, निम्मी माद्या. हातानं परागीभवन करायचं तर शंभर माद्यांना दोन-तीन नर पुरतात. बाकीचे नर म्हणजे खाणारी तोंडं. आणि झाडाकडे पाहून कळत नाही. पाच-सहा वर्षं पाणी घाला, खत घाला, काटे टोचून घ्या, मग पहिला फुलोरा येणार आणि तेव्हा निकाल लागणार. मामा सांगत होते, "मादी निघाली की वाडीत पेढे वाटतो." नर निघाला तर? "तर काय, चहा पितो आणि कुऱ्हाड शोधतो." आपल्याकडे पेढ्यांचा व्यवहार कुठल्या दिशेनं चालत आला ते सगळ्यांना माहीत आहे. लग्नाच्या बैठकीत मुलाकडची मंडळी फार ताठ बसलेली दिसली तर त्यांना एकदा कच्छच्या वाडीत न्यावं, असं माझं मत झालं आहे.

या बाबतीतला जागतिक विक्रम इस्रायलमध्ये झाला. मृत समुद्राकाठी मसाडाचा प्राचीन किल्ला आहे. तिथल्या उत्खननात सुमारे 2000 वर्षं जुन्या खजुराच्या बिया सापडल्या होत्या. 2005 साली त्यातल्या तीन केतुरा नावाच्या वस्तीत पेरल्या आणि एक चक्क रुजली. सगळ्या जगात बातमी झाली. रोपाला मेथुसेला असं बायबलमधल्या दीर्घायुषी म्हाताऱ्याचं नाव दिलं. दोन हजार वर्षं मातीत काढलेल्या बीचं झाड, प्राचीन ज्यूडियाचा नामवंत खजूर आता पुन्हा चाखायला मिळणार म्हणून लोकांनी वाट पाहिली. काही वर्षांनी मेथुसेला फुलला. नर निघाला. शास्त्रज्ञांनी हाय खाल्ली नाही. तशाच जुन्या आणखी बिया रुजवल्या, त्यात हॅना नावाची मादी मिळाली, मेथुसेलाची भुकटी तिला लावली आणि 2020 मध्ये एकदाचे 111 खजूर हाती आले. मी हे मामांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन हजार वर्षं थांबलेच होते, तर लावताना दोन-चार जास्तीच्या लावायच्या ना."

नर-मादीचा हा जुगार टाळायचा तर उपाय आहे, मुनव्याचा. मादी झाडाच्या बुडाशी तरुण वयात मुनवे फुटतात. ते कापून लावले की हुबेहूब आईच. पण एक झाड जन्मात मोजकेच मुनवे देतं आणि ते सोडवायचे म्हणजे पहारीनं अर्धा दिवस खणत बसायचं. जगभर खजुराच्या उत्तम जाती अशाच मुनव्यांवरून पसरल्या. आज ज्याचे एकेक दाणे सुटे मांडून विकतात तो मेजूल खजूर अमेरिकेत गेला तो 1927 मध्ये, मोरोक्कोतून नेलेल्या 11 मुनव्यांच्या रूपानं. मोरोक्कोत रोगानं बागा मरत होत्या, म्हणून वॉल्टर स्विंगल या शास्त्रज्ञानं एका निरोगी झाडाचे मुनवे नेले आणि ते नेवाडाच्या ओसाड कोपऱ्यात कित्येक वर्षं विलगीकरणात ठेवले. त्यातले 9 जगले. त्यांच्या वंशावर कॅलिफोर्नियाचा सगळा मेजूल धंदा उभा राहिला. तिकडे इंडिओ गावात 1924 पासूनची एक खजूरबाग आहे आणि तिथे पर्यटकांना एक माहितीपट दाखवतात, खजुराचा प्रणय आणि कामजीवन अशा अर्थाच्या नावाचा. नावामुळे गर्दी होते. आत गेल्यावर शिडीवरचा माणूस फुलोऱ्याला भुकटी लावताना दिसतो. चाचांनी हा माहितीपट रोज फुकट दाखवला, पण नाव द्यायचं त्यांना सुचलं नाही.

लग्न लावून माणूस मोकळा झाला असं समजू नका. फळं धरली की विरळणी. प्रत्येक घोसातल्या काही काड्या छाटून टाकायच्या, नाहीतर फळ बारीक राहतं आणि झाड पुढच्या वर्षी रुसून बसतं. मग घोस वजनानं लोंबायला लागतात, देठ मोडू नये म्हणून ते पानाच्या दांड्याला बांधायचे. मग पाखरं, वटवाघळं, पाऊस यांच्यापासून वाचवायला घोसाला पिशवी घालायची. मग तोडणी, तीही एका फेरीत नाही, कारण घोसातली सगळी फळं एकदम तयार होत नाहीत. मग वाळलेली पानं छाटायची. प्रत्येक वेळी माणूस दोर लावून वर. या सगळ्यात झाड काय करतं, असं मी मामांना विचारलं. त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं, "उभं राहतं."

आमच्याकडे शिंदी असते, खजुराची रानटी चुलत बहीण. ओढ्याकाठी आपली आपण वाढते, कुणी लग्न लावायला जात नाही, वर पानांचे झाडू होतात आणि बुंध्याला मडकं लावलं तर ताडीसारखा रसही देते. पण तिची फळं म्हणजे बीवर ओढलेली साल. तिच्याकडे पाहिल्यावर माणसानं चार-पाच हजार वर्षं दोर लावून काय मिळवलं ते लक्षात येतं.

आता पावसाबद्दल. इथे कच्छची गोष्ट इराक-अरबस्तानपासून वेगळी होते. फळाच्या अवस्थांना आपल्याकडच्या बागायतदारांची नावं आहेत. हिरवं कच्चं फळ गंडोरा. पिवळं किंवा लाल, करकरीत झालं की डोका. टोकाकडून मऊ पडायला लागलं की डांग. पूर्ण पिकून सुरकुतलं की पिंड. आपण खातो तो पिंडखजूर या शेवटच्या अवस्थेतला. इराकात फळ आरामात पिंडापर्यंत पोचतं, कारण उन्हाळाभर पाऊस नाही. कच्छात फळ जूनमध्ये डोक्याला येतं, आता डांगेकडे सरकणार एवढ्यात पाऊस हजर. मऊ फळावर पाणी पडलं की ते फुटतं, आंबतं, सडतं. कच्छात पाऊस मुळात तुटपुंजा. बाकी वर्षभर लोक आकाशाकडे डोळे लावून असतात. कच्छी नवीन वर्षच मुळी आषाढी बीजेला, पावसाच्या तोंडावर सुरू होतं. मुलुंडला त्या दिवशी आमच्या दारावर मिठाईचा डबा येतो. कच्छात सगळे पावसासाठी हात जोडून उभे, आणि त्याच गावातला वाडीवाला हात जोडून उभा, की बाबा, अजून दोन आठवडे थांब. देवानं कुणाचं ऐकायचं? मामा गावात राहतात, त्यामुळे ते आषाढी बीजेला सगळ्यांबरोबर पाऊस मागतात आणि घरी येऊन रद्द करतात.

2023 साली तर 15 जूनला बिपरजॉय चक्रीवादळ जखौजवळ किनाऱ्यावर आदळलं. ऐन तोडणीच्या तोंडावर. कच्छभर खारेकची झाडं उन्मळून पडली, उभ्या राहिलेल्यांचे घोस झडले. ज्या झाडांना वाढवायला एक पिढी लागली ती एका रात्रीत आडवी. याबद्दल मामा विनोद करत नाहीत, मीही करणार नाही.

एरवीच्या पावसावर मात्र कच्छी माणसानं जो तोडगा काढला त्याला माझा सलाम आहे. फळ पिकेपर्यंत पाऊस थांबत नाही ना, मग आपणच पिकायची वाट बघायची नाही. डोका अवस्थेतच, म्हणजे पिवळं-लाल, करकरीत असतानाच तोडायचं आणि ताजं फळ म्हणून विकायचं. हीच कच्छी खारेक. साऱ्या जगानं खजूर पिकवायला सूर्याशी करार केला, कच्छनं गिऱ्हाइकालाच अर्धवट पिकलेलं आवडायला शिकवलं. 2024 च्या जानेवारीत कच्छी खारेकला भौगोलिक मानांकनही मिळालं. गुजरातेत फळांमध्ये हा मान त्याआधी एकट्या गीरच्या केशर आंब्याला होता.

अडचण एकच, तुरटपणा. डोका अवस्थेतल्या फळात टॅनिन विरघळलेल्या रूपात असतं, ते जिभेला लागलं की तोंडाला मिठी बसते. फळ मऊ होऊ लागलं की तेच टॅनिन न विरघळणारं बनतं आणि गोडी जाणवते. देशी झाडांत काही करकरीत असतानाच गोड असतात, काही शेवटपर्यंत हिशेब चुकता करतात. त्यावर आता नवी जात आली आहे, बरही. ही करकरीत असतानाच गोड. हिची रोपं प्रयोगशाळेत उतिसंवर्धनानं बनतात, म्हणून सगळी माद्या, सगळी एका स्वभावाची, आणि किमतीही तशाच. सरकार अनुदान देतं. भुजजवळ कुकमाला भारत-इस्रायल सहकार्यातून खजुराचं केंद्र उभं राहिलं आहे. मुंद्र्याला कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आधीपासून आहे. कच्छमध्ये या जातीला इस्रायली खारेक म्हणतात. प्रत्यक्षात बरही मूळची इराकची, बसऱ्याची. बसऱ्याच्या लेकीला इस्रायली आडनाव लागून ती मुंद्र्यात नांदतेय, आणि वाडीत कुणालाही त्याचं काही वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांना हे दाखवावं असं मला वाटलं होतं, पण मामांना तेव्हा फवारणीची घाई होती.

त्याच मुंद्र्याच्या बंदरात आखातातून आलेले खजुराचे कंटेनर उतरतात, हा आणखी एक भाग. भारत हा जगातल्या सर्वांत मोठ्या खजूर आयातदारांपैकी एक. एका बाजूला वाडीवाला पावसाच्या आत कच्चं फळ ट्रकमध्ये भरतोय आणि काही मैलांवर पिकलेला खजूर बोटीतून उतरतोय. आपल्या ओटीतली खारीक, बाळाला उगाळून देतात ती, डिंकाच्या लाडवात कुटून घालतात ती, तीही आपली नव्हे. ओमानमध्ये डोका अवस्थेतलं फळ मोठ्या कढयांत उकळून उन्हात वाळवतात आणि ते मुख्यतः भारतासाठीच. पाकिस्तानातूनही फार मोठा माल येई. फेब्रुवारी 2019 मध्ये भारतानं पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हा पुण्या-मुंबईच्या भुसाराच्या दुकानांत खारकेचा भाव चढला. डोहाळजेवणाच्या ओटीतही परराष्ट्र धोरण असतं, हे सासूबाईंना कोण सांगणार?

जूनअखेरीस आम्ही परत वाडीत गेलो, तेव्हा घोस उतरवणं चालू होतं. चाचा वरून घोस दोराला बांधून हळूहळू सोडत होते, खाली दोघं झेलत होते. घोस जमिनीला लागला तर फळाला डाग पडतो, म्हणून झेलणाऱ्यांच्या अंगावर चाचांचा वरून सतत ओरडा. पश्चिमेला ढग दिसत होते. मामा ढगांकडे बघत नव्हते, मुद्दाम पाठ करून उभे होते. मी एक पिवळं फळ तोडून खाल्लं. करकरीत, आधी उसासारखं गोड आणि मग जिभेच्या कडांना किंचित ओढ. कोणत्या झाडाचं, असं मी विचारलं. "ते वडिलांनी लावलेलं," मामा म्हणाले. "कुणालाच आवडत नाही ते." मला आवडलं होतं, तसं मी सांगितलं. त्या झाडाची कुऱ्हाड आणखी एक वर्ष पुढे गेली असेल तर बरं.

जूनच्या शेवटापासून जुलैपर्यंत मुंबईत हातगाड्यांवर ही पिवळी-लाल फळं देठासकट दिसतात. भुलेश्वर, घाटकोपर, मुलुंड इथे हमखास. आपले लोक ती कसली सुपारी म्हणून पुढे जातात. तसं करू नका. गाडीवाल्याला देशी की बरही ते विचारा, देशी असेल तर एक चाखून मगच घ्या, कारण दोन घोस दोन झाडांचे असू शकतात आणि त्यांचा स्वभाव गाडीवाल्यालाही माहीत नसतो. भावावरून घासाघीस करायची असेल तर निदान त्या एका फळासाठी माणूस वर्षात किती वेळा चढला असेल याचा अंदाज मनाशी करा आणि मग काय म्हणायचं ते म्हणा. घरी आणून तुरट लागली तर टाकू नका. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढल्यावर ती तपकिरी, मऊ पडते आणि तुरटपणा बराचसा गेलेला असतो.